दोन तोळ्यांचा उंदीर, तीन तोळ्यांचा पक्षी

सराफाच्या आजच्या हिशेबाने दहा ग्रॅमचा तोळा धरला, तर ईशान्य अमेरिकेच्या जंगलातला पांढऱ्या पायांचा उंदीर साधारण दोन तोळ्यांचा भरतो आणि त्याच जंगलात उन्हाळ्यापुरता येणारा व्हीरी हा गाणारा पक्षी तीन तोळ्यांच्या आसपास. दोघंही मुठीत मावतील एवढे. दोघांचाही रंग वाळलेल्या पानांशी मिळणारा, पाठीवर तपकिरी आणि पोटाकडे पांढुरका. दोघंही जमिनीलगत वावरतात, किडे खातात, रानफळं खातात. तरीही एकाची संख्या वाढली की पुढेमागे आरोग्य खात्याला जाग येते आणि दुसऱ्याची घटली, तर ती बातमी पक्षिनिरीक्षकांच्या वर्तुळापलीकडे जात नाही. या दोन बातम्या मुळात एकच असतील का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

मी कोकणातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर उन्हाळ्याचे काही महिने लेकीकडे काढतो. ती न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीच्या खोऱ्यातल्या डचेस काउंटीत राहते. तिथे जंगल घराच्या मागच्या दारापर्यंत आलेलं असतं. पाहुण्याला तिथे चहाच्या आधी एक शिस्त शिकवतात : फिरायला जाताना विजारीची टोकं पायमोज्यात खोचायची आणि परतल्यावर काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू, कानांमागची जागा नीट तपासायची. शोध असतो गोचिडाचा. आपल्याकडे गुरांच्या अंगावर टरारून फुगलेला दिसतो तसा नव्हे, तर खसखशीच्या दाण्याएवढा. या दाण्यातून लाइम नावाचा आजार होतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार त्या देशात दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर या आजाराचे उपचार होतात.

याच काउंटीत मिलब्रुक नावाचं गाव आहे आणि तिथे कॅरी इन्स्टिट्यूट ही परिसंस्थांचा अभ्यास करणारी संस्था आहे. रिचर्ड ऑस्टफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संस्थेच्या जंगलात वर्षानुवर्षं ओकची फळं, उंदीर, गोचीड आणि पक्ष्यांची घरटी मोजली. पुढे जे लिहितो आहे, त्यातलं बरंचसं या मोजणीतून आलेलं आहे.

आधी उंदराकडे पाहू. घरात शिरणाऱ्या उंदराचा हा जवळचा नातलग नव्हे. डोळे मोठे आणि काळेभोर, कान पातळ, पाय आणि पोट स्वच्छ पांढरं. धोका जाणवला की पुढच्या पायांनी वाळल्या पानांवर ताशा वाजवल्यासारखं टपटप करतो. झाडाच्या ढोलीत, पडक्या ओंडक्याखाली, प्रसंगी पक्ष्याच्या रिकाम्या घरट्यावर छप्पर घालूनही तो संसार थाटतो. मादीला तेवीस दिवसांच्या आसपास गर्भ राहतो, एका वेताला चार-पाच पिल्लं होतात, तीन आठवड्यांत ती दूध सोडतात आणि जन्मानंतर दोनेक महिन्यांत स्वतः वेतायला तयार होतात. बहुतेक उंदीर पुरतं एक वर्षही पाहत नाहीत. घुबड, कोल्हा, साप, मुंगूसवर्गाशी दुरून नातं सांगणारा वीझल, सगळ्यांच्या ताटात तो असतो. त्याचं सगळं आयुष्य काही गुंठ्यांत सुरू होतं आणि तिथेच संपतं.

व्हीरी कस्तूर कुळातला. आपल्याकडे जंगलाच्या जमिनीवर पाचोळा उलटसुलट करत किडे टिपणारा नारंगी डोक्याचा कस्तूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना व्हीरीची चाल ओळखीची वाटेल. त्याचं नाव त्याच्या आवाजावरून पडलं आहे. पक्ष्याच्या कंठाला दोन बाजू असतात आणि त्या वेगवेगळ्या चालवता येतात. व्हीरी या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी गातो, त्यामुळे एखाद्या गोल जिन्यावरून दोन सूर हातात हात घालून खाली उतरत आहेत, असं ऐकणाऱ्याला वाटतं. इतर पक्षी गप्प झाल्यावरही तो संध्याकाळच्या अंधारात गात राहतो. मात्र त्या वेळी घुबडाचा आवाज कानी पडला तर गाणं आवरतं घेतो, असं मिलब्रुकच्या जंगलातल्या प्रयोगांत दिसलं आहे.

मे महिन्यात तो येतो, जमिनीवर किंवा हातभर उंचीच्या झुडपात घरटं बांधतो, मादी बहुधा चार निळसर अंडी घालते. अंडी उबायला बारा-तेरा दिवस, पिल्लं घरट्याबाहेर पडायला आणखी दहा-बारा दिवस. हंगाम साधला तर साधारणपणे एवढंच कुटुंब. ऑगस्ट उलटला की तो निघतो आणि ब्राझीलच्या जंगलांत पोचतो. तीन तोळ्यांचा जीव वर्षातून दोनदा सहा-सात हजार किलोमीटरांचा प्रवास करतो. पायात कडी घातलेल्या व्हीरींपैकी दहा वर्षांहून जास्त जगल्याचीही नोंद आहे.

विद्यार्थ्यांना मी असं सांगत असे, की प्रत्येक प्राण्याकडे ऊर्जेची एक मर्यादित मिळकत असते आणि ती कुठे खर्च करायची याचं त्याच्या जातीचं अंदाजपत्रक ठरलेलं असतं. उंदराचं अंदाजपत्रक संततीवर उधळलेलं आहे. शरीराची डागडुजी, रोगाशी लांबलचक झुंज यांवर खर्च करण्यात त्याला फायदा नाही, कारण पुढच्या हिवाळ्यापर्यंत घुबड बहुधा त्याला उचलणारच असतं. व्हीरीचं अंदाजपत्रक उलट आहे. पंखांमुळे भक्षकापासून सुटका होण्याची शक्यता जास्त, म्हणून टिकाऊ शरीरावर खर्च करणं परवडतं. अंडी मोजकी, पण पुढच्या वर्षी पुन्हा येऊन घालता येतील अशी. एक जात संख्येवर जगते, दुसरी अंतरावर. लाइम आजाराचं गणित या फरकात दडलेलं आहे. पण त्याकडे वळण्याआधी या दोघांचाही मालक असलेल्या झाडाकडे पाहायला हवं.

ते झाड म्हणजे ओक. कोकणात आंब्याबद्दल आपण म्हणतो, एक वर्ष बहर आणि एक वर्ष आड. ओकचंही तसंच, फक्त त्याचा क्रम इतका नेमका नसतो. काही वर्षं फळं जेमतेम धरतात आणि मग एका शरद ऋतूत त्या परिसरातले ओक जणू एकमेकांना सांगून ठेवल्यासारखे एकदम लगडतात. त्यामागचं एक कारण असं मानतात : आड वर्षांत फळं खाणारे उपासमारीने घटतात आणि बहराच्या वर्षी इतकं पीक पडतं की उरलेल्या तोंडांना ते संपवता येत नाही. उरलेल्या फळांतून रोपं उगवतात. झाड आपल्या खाणाऱ्यांना आधी उपाशी ठेवतं आणि मग अजीर्ण करतं.

बहराच्या वर्षी उंदीर ढोलीत फळांचे साठे करतो. एरवी हिवाळ्यात थांबणारी वीण त्या हिवाळ्यात चालूच राहते. पुढच्या उन्हाळ्यात, हेक्टरी मोजके चार-दोन उंदीर असत तिथे पन्नासच्या घरात होतात. भारतीय वाचकाला हे अपरिचित नाही. मिझोराममध्ये साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी बांबूची एक जात एकदम फुलते, तिच्या बियांवर उंदीर माजतात आणि नंतर शेतं फस्त करतात. १९५९ साली तिथे पडलेल्या दुष्काळाचं मूळ यात होतं आणि त्या दुष्काळाच्या मदतकार्यातून पुढे मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला. उंदरांच्या संख्येने राजकारणाचा नकाशा बदलू शकतो, तर एका पक्ष्याचा हंगाम बदलणं अवघड नाही.

उंदीर शाकाहारी नाही. व्हीरीचं घरटं जमिनीलगत असतं, अंडी नुकतीच घातलेली असतात आणि रात्री मादी घरट्यावरून उठली की दोन तोळ्यांचा पाहुणा तिथे पोचतो. उंदीर वाढलेल्या उन्हाळ्यात अशी घरटी जास्त लुटली जातात. याचा सरळ निष्कर्ष असा निघेल की उंदीर कमी तितके पक्षी सुखी. पण मिलब्रुकच्या नोंदींतून पुढे आलेलं चित्र एवढं सरळ नाही. ओकच्या आड वर्षानंतर उंदीर अचानक संपतात तेव्हा उंदरांवर पोसलेले शिकारी पक्षी उपाशी पडतात आणि आपला मोर्चा गाणाऱ्या पक्ष्यांकडे व त्यांच्या उडायला शिकणाऱ्या पिल्लांकडे वळवतात. म्हणजे उंदीर फार झाले तर अंडी जातात आणि फार कमी झाले तर पिल्लं जातात. व्हीरीला मधली वर्षं मानवतात.

आणखी एक धागा आहे. जिप्सी मॉथ नावाचा युरोपातला पतंग एकोणिसाव्या शतकात मॅसेच्युसेट्समध्ये आणला गेला आणि निसटला. त्याच्या अळ्या माजल्या की भर जूनमध्ये ओकचं रान शिशिरासारखं निष्पर्ण दिसतं. या पतंगाच्या कोषांचा सर्वांत मोठा ग्राहक कोण, तर हाच पांढऱ्या पायांचा उंदीर. क्लाइव्ह जोन्स, ऑस्टफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलाच्या काही तुकड्यांतून उंदीर काढून टाकले, तेव्हा तिथले बरेच जास्त कोष वाचले. दुसऱ्या तुकड्यांत त्यांनी ओकची फळं आणून पसरली, तेव्हा तिथे उंदीर वाढले आणि गोचिडांच्या अळ्याही वाढल्या. हे काम १९९८ साली प्रसिद्ध झालं. जो उंदीर व्हीरीची अंडी खातो, तोच व्हीरीच्या डोक्यावरचं छप्पर राखतो.

आता गोचिडाकडे येऊ. लाइम हे कनेटिकट राज्यातल्या एका गावाचं नाव. तिथल्या मुलांमध्ये १९७०च्या दशकात सांध्यांच्या सुजेचा विचित्र आजार आढळला, म्हणून आजाराला गावाचं नाव मिळालं. विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडांच्या पोटात त्याचा जिवाणू शोधला आणि तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या गोचिडाचं आयुष्य साधारण दोन वर्षांचं आणि त्यात तो तीनदा रक्त पितो : अळी असताना, मधल्या निम्फ अवस्थेत आणि प्रौढपणी. प्रौढ गोचीड बहुधा हरणावर चढतो, म्हणून त्याला हरणगोचीड म्हणतात आणि लोक हरणालाच दोष देतात. पण हरणाच्या रक्तातून गोचिडाला हा जिवाणू सहसा मिळत नाही. अंड्यातून बाहेर पडणारी अळीही निर्दोष असते. ती पहिलं रक्त कोणाचं पिते, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

इथे आपले दोन प्राणी पुन्हा शेजारी उभे राहतात. दोघंही पाचोळ्यात वावरत असल्याने दोघांच्याही अंगावर अळ्या चढतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या प्राण्यांच्या अंगावरून पोट भरून उतरलेल्या अळ्या तपासल्या होत्या. पांढऱ्या पायांच्या उंदरावर पोसलेल्या दहा अळ्यांपैकी नऊ जिवाणू घेऊन उतरल्या होत्या. जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांचा एकत्रित आकडा दहाला जेमतेम एक असा होता. उंदराला या जिवाणूचा त्रास होताना दिसत नाही. जिवाणू त्याच्या अंगात तहहयात राहतो आणि उंदीर आपली वेतं वाढवत राहतो. काही संशोधकांची मांडणी अशी आहे, की झटपट जगणाऱ्या जाती असल्या पाहुण्याला हाकलण्यावर फारसा खर्च करत नाहीत आणि म्हणूनच त्या रोगाच्या उत्तम कोठ्या ठरतात. म्हणजे ऊर्जेचं अंदाजपत्रक शेवटी आपल्या गुडघ्यामागच्या त्या खसखशीच्या दाण्यापर्यंत येऊन पोचतं.

काळाचा हिशेबही मांडता येतो. या शरदात ओक बहरला, तर पुढच्या उन्हाळ्यात उंदीर वाढतील. त्या उन्हाळ्याच्या शेवटी निघालेल्या अळ्यांना उंदीरच उंदीर भेटतील आणि त्यापुढच्या वर्षी, मे ते जुलैमध्ये, जिवाणू घेतलेले निम्फ माणसांची वाट पाहत गवताच्या पात्यावर बसतील. झाडाखाली वाजणाऱ्या फळांचा आवाज आणि दवाखान्यातली गर्दी यांत जवळजवळ दोन वर्षांचं अंतर. तोपर्यंत त्या शरदाची आठवण कोणालाही राहिलेली नसते.

सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. उरलेलं अर्धं जंगलाच्या आकारात आहे. डचेस काउंटीत जुनी शेतं सोडली गेली, तिथे जंगल वाढलं आणि मग रस्त्यांनी व घरांनी त्याचे तुकडे केले. दोनेक हेक्टरांच्या तुकड्यातही पांढऱ्या पायांचा उंदीर मजेत राहतो, उलट त्याचे भक्षक आणि प्रतिस्पर्धी तिथे टिकत नसल्याने तो दाटीने राहतो. व्हीरीला मात्र सलग, दमट, गर्द रान लागतं. छोट्या तुकड्यात तो घर मांडत नाही. याच काउंटीत केलेल्या एका पाहणीत तुकडा जितका लहान, तितके जिवाणूधारी निम्फ दाट, असं आढळलं. माणसांमधल्या रुग्णसंख्येचा हिशेब इतका सरळ बसत नाही. कनेटिकटमध्ये तर तुकड्यांत गोचीड जास्त, पण रुग्ण कमी, असंही दिसलं आहे. माणूस जंगलात किती जातो, कसा जातो, यावरही बरंच ठरतं आणि या विषयावर शास्त्रज्ञांत खडाजंगी चालू आहे. पण जंगलापुरतं बोलायचं, तर ज्या तुकडेबाजीने उंदीर आणि गोचीड वाढतात, तीच व्हीरीला हुसकावते. पहिल्या परिच्छेदातल्या दोन बातम्यांचं मूळ निदान या एका ठिकाणी सामाईक आहे.

व्हीरीच्या अडचणी मात्र एका काउंटीत मावत नाहीत. तो ब्राझीलच्या जंगलाचाही रहिवासी आहे आणि मधल्या समुद्रावरच्या वादळांचाही. डेलावेअरमध्ये ख्रिस्तोफर हेक्शर यांनी सुमारे वीस वर्षं व्हीरींचा अभ्यास केला. ज्या वर्षी अटलांटिकवर वादळांचा जोर होणार असे, त्या वर्षी हे पक्षी विणीचा हंगाम लवकर आटोपतात, असं त्यांनी २०१८ साली मांडलं. वादळं यायची असत त्यानंतर काही आठवड्यांनी. पक्ष्यांना हा अंदाज कुठून लागतो, याचा उलगडा अजून व्हायचा आहे. उंदराला उद्याच्या वादळाशी देणंघेणं नाही. त्याचं क्षितिज एका ओंडक्यापासून दुसऱ्या ओंडक्यापर्यंत.

हे सगळं वाचताना माझं मन सह्याद्रीत गेलं, कारण तिथेही असाच एक गोचीड आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्याचा विषाणू शोधून काढला. तो रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. मग शंका आली, की उत्तरेकडून हिवाळ्यात येणारे पक्षी तो आपल्या अंगावरच्या गोचिडांतून आणत असतील का? जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याची मोठी मोहीम हाती घेतली. पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही, पण त्या निमित्ताने भारतातल्या पक्षिस्थलांतराबद्दल आपल्याला पुष्कळ कळलं. विषाणूच्या जंगलातल्या फेऱ्यात जंगली उंदीर, चिचुंद्र्या आणि गोचीड यांचा सहभाग आहे, हे पुढे दिसत गेलं. लोकांच्या तोंडी मात्र नाव राहिलं ‘माकडताप’. जे माकड या आजाराने मरतं, त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. हरणगोचिडाच्या नावात झालेला अन्याय इथेही झाला आहे.

हा ताप २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात आला. काजूच्या हंगामात बोंडं वेचायला पाचोळ्यात वाकणाऱ्या माणसांना त्याचा धोका सर्वांत जास्त. डचेस काउंटीत गोचीड फिरायला जाणाऱ्याला गाठतो, दोडामार्गात पोटासाठी राबणाऱ्याला. पायमोज्यात विजार खोचण्याचा सल्ला अनवाणी माणसाला देता येत नाही.

मिलब्रुकचं गणित जसंच्या तसं सह्याद्रीला लावणं चुकीचं ठरेल. झाडं वेगळी, उंदीर वेगळे, रोगजंतू तर जातीनेच वेगळा. तिथून उचलण्यासारखी आहे ती पद्धत. तिथे फळं मोजणारा, उंदीर मोजणारा, गोचीड मोजणारा आणि घरटी मोजणारा, हे सगळे त्याच जंगलात, त्याच वर्षांत काम करत होते आणि त्यांचे आकडे एका वहीत येत होते. त्यांपैकी कोणा एकाच्या वहीत हे नातं दिसलं नसतं. पक्षितज्ज्ञाला एवढंच कळलं असतं की यंदा घरटी लुटली गेली, डॉक्टरला एवढंच की यंदा रुग्ण वाढले.

आपल्याकडे पक्षी मोजणारी हौशी मंडळी गावोगाव आहेत. गोचीड तपासणारी सरकारी यंत्रणा आहे. कोणत्या वर्षी काजू, फणस, जांभूळ लगडले, याची नोंद बागायतदारांच्या डोक्यात पक्की असते. रानातल्या उंदरांकडे मात्र, शेतात शिरल्याशिवाय, कोणी पाहत नाही. कोकणातल्या एखाद्या महाविद्यालयाने दोडामार्गच्या एका टेकडीवर फळं, उंदीर, गोचीड आणि घरटी अशी चार खान्यांची वही दहा वर्षं चालवली, तर तिला फार मोठा खर्च येणार नाही. चिकाटी मात्र लागेल, कारण पहिली काही वर्षं त्या वहीतून काहीच निघणार नाही. बहराचं एक वर्ष आणि आडाचं एक वर्ष तिच्यात उतरलं, की मग आकडे एकमेकांशी बोलायला लागतील. प्राणिशास्त्राच्या तरुण सहकाऱ्यांना मी गेल्या वर्षी हे पत्राने कळवलं. दोघांनी उत्तर पाठवलं आहे आणि त्यांतल्या एकीने उंदीर पकडायचे न मारणारे पिंजरे कुठे मिळतात, असं विचारलं आहे.